तोर्देसियास : दुएरोकाठचं मुक्कामाचं गाव

कोलंबस भारतात यायला निघाला होता आणि त्याला जहाजं मिळाली होती ती स्पेनच्या राजाराणीच्या पाठबळावर. पण आपल्या किनाऱ्यावर उतरले ते पोर्तुगीज. गोवा, चौल, वसई, दमण ही सगळी ठाणी त्यांची. मग स्पॅनिश लोक कोकणात का फिरकले नाहीत? याचं निम्मं उत्तर पोर्तुगीजांच्या जहाजांत आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याने पुढे सरकण्यात त्यांनी घातलेल्या सत्तर-ऐंशी वर्षांत आहे. उरलेलं निम्मं उत्तर स्पेनच्या पठारावर, दुएरो नदीच्या काठी, एका लहान गावात आहे. तिथून समुद्र कोणत्याही दिशेला दोनशे किलोमीटरहून लांबच.

या गावाचं नाव तोर्देसियास. आपल्याकडच्या पुस्तकांत 'तोर्देसिलास' किंवा 'टॉर्डेसिलास' असं छापलेलं दिसतं, पण स्पॅनिशमध्ये जोडून आलेल्या दोन 'ल'चा उच्चार 'य'कडे झुकतो. वायादोलिद प्रांतातलं हे गाव आठ-नऊ हजार वस्तीचं. आपल्याकडे एवढ्या वस्तीला मोठं खेडं म्हणतील. इतिहासाच्या पुस्तकात ते एका कराराच्या नावापुरतं येतं आणि आपण पान उलटतो. मला मात्र वाटतं, आधी हे गाव नदीकाठी कसं बसलंय ते पाहावं. तेवढं समजलं की पुढचा इतिहास बराचसा आपोआप उलगडतो.

नदी आणि टेकाड

स्पेनचा मधला भाग म्हणजे एक मोठं उंच पठार. त्याला मेसेता म्हणतात. तोर्देसियासच्या आसपास त्याची उंची सुमारे ७०० मीटर आहे. पाऊस वर्षाकाठी चारशे-साडेचारशे मिलिमीटरच्या घरात. हिवाळ्यात नदीच्या खोऱ्यात दाट धुकं साचतं आणि उन्हाळ्यात जमीन भाजून निघते. तिथल्या लोकांची म्हणच आहे : नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक. गहू-बार्ली, द्राक्षं आणि मेंढ्या यांवर हा मुलूख शतकानुशतकं जगला. नदीपलीकडे दक्षिणेला रुएदा नावाचं गाव आहे. तिथली वेर्देखो जातीच्या द्राक्षांची पांढरी वाइन आज स्पेनभर प्यायली जाते. नदीच्या वाळूवर छत्रीसारख्या पसरट माथ्याच्या पाइन वृक्षांची वनं आहेत. त्यांच्या बिया, म्हणजे आपला चिलगोजा ज्या कुळातला त्या प्रकारच्या, तिकडच्या मिठाईत पडतात.

या कोरड्या पठारातून दुएरो वाहते. सोरिया प्रांतात, उर्बियोनच्या डोंगरात ती उगम पावते आणि सुमारे ८९७ किलोमीटर पश्चिमेला वाहत जाऊन पोर्तुगालमधल्या पोर्तो शहराजवळ अटलांटिक महासागराला मिळते. पोर्तुगालमध्ये तिला दोउरो म्हणतात. तिचं खोरं सुमारे ९८ हजार चौरस किलोमीटरचं, इबेरियन द्वीपकल्पातलं सगळ्यांत मोठं. तोर्देसियासच्या थोडं वर तिला पिसुएर्गा ही उत्तरेकडून आलेली नदी मिळते. पिसुएर्गाला पाणी भरपूर, म्हणून तिच्या काठचे लोक अजूनही सांगतात की नाव दुएरोचं होतं, पाणी मात्र पिसुएर्गाचं. संगमानंतर नदीचं पात्र रुंद होतं, उतार मिळण्याच्या जागा कमी होतात. म्हणजे ओलांडायला पूल हवा, आणि पूल बांधायला भक्कम काठ हवा.

तो काठ तोर्देसियासला आहे. नदीच्या उत्तरेच्या, म्हणजे उजव्या बाजूला एक टेकाड उभं आहे आणि त्याच्या कडेवर गाव बसलेलं आहे. समोर दक्षिणेला सपाट पूरमैदान. त्याला तिथे वेगा म्हणतात. टेकाडावर उभं राहिलं की दक्षिणेकडून येणारा माणूस, कळप किंवा फौज फार लांबून दिसते. गावाचं मध्ययुगीन नावही यातूनच आलं असावं. जुन्या कागदांत ते 'ओतेर दे सियास' अशासारखं येतं. ओतेरो म्हणजे मोकळ्या सपाटीवर एकटंच उभं असलेलं टेकाड.

आठव्या शतकात मुस्लिम सत्ता द्वीपकल्पाच्या बहुतेक भागावर पसरली आणि उत्तरेच्या डोंगरांत लहान ख्रिस्ती राज्यं तग धरून राहिली. मधलं दुएरोचं खोरं दीर्घकाळ सरहद्दीचं, ओसाडीच्या उंबरठ्यावरचं राहिलं. इ. स. ९३९ मध्ये इथून जवळच सिमान्कास इथे लेओनचा राजा दुसरा रामिरो याने कोर्दोबाच्या खलिफाचा, तिसऱ्या अब्द अर-रहमानचा पराभव केला. त्यानंतर नदीकाठची गावं हळूहळू पुन्हा भरली. धोका दक्षिणेकडून यायचा, म्हणून वस्ती उत्तरेच्या काठावर, नदीलाच खंदक करून. दुएरोकाठच्या तोरो, सामोरा या गावांची ठेवणही अशीच आहे. नकाशा घेऊन बसलात तर नदीच्या उजव्या काठावर ओवलेल्या मण्यांसारखी ती दिसतील.

सरहद्द दक्षिणेला सरकली तसा गढीचा उपयोग संपला आणि पुलाचा वाढला. गावाचा दगडी पूल मध्ययुगातला, दहा कमानींचा, वारंवार डागडुजी झालेला. उत्तरेकडून दक्षिणेला जाणारा माल आणि माणूस या पुलावरून जायचा. पंचवीसेक किलोमीटरवर मेदिना देल काम्पो हे गाव आहे. पंधराव्या शतकात तिथली जत्रा लोकरीसाठी आणि हुंड्यांच्या व्यवहारासाठी युरोपभर नावाजलेली होती. या वाटेवर तोर्देसियास हा मुक्कामाचा टप्पा ठरला.

राजांचा मुक्काम

आज आपण राजधानी म्हणतो तशी गोष्ट कॅस्टीलच्या, म्हणजे स्पेनच्या या मधल्या मुलखातल्या राज्याच्या, राजांना नव्हती. माद्रिदला दरबार कायमचा बसला तो १५६१ मध्ये. त्याआधी राजा, त्याचे कारकून, दप्तरं, तंबू, स्वयंपाकी सगळं फिरतं असे. एका गावचं धान्य आणि वैरण संपत आली की पुढच्या गावी. त्यामुळे चांगला वाडा, पूल, पाणी आणि शिकारीचं रान असलेल्या गावांना भाव होता. तोर्देसियासकडे हे सगळंच होतं.

१३४० मध्ये सालादो नदीवरची लढाई जिंकल्यावर राजा अकरावा आल्फोन्सो याने इथे वाडा बांधवला. बांधकाम मुदेखार पद्धतीचं. मुदेखार म्हणजे ख्रिस्ती राजवटीखाली राहिलेले मुस्लिम लोक. वीट, चुन्याचा गिलावा आणि लाकूड यांत त्यांच्या कारागिरांचा हात धरणारं कोणी नव्हतं. ज्या लढाईत मुस्लिम फौजांचा पराभव झाला, तिच्यानंतरचा वाडा मुस्लिम कलेच्या वळणाने उभा राहिला : नालाकृती कमानी, गिलाव्यातली नक्षी, शिवाय अरबी धाटणीचं स्नानगृह. पुढे १३६३ मध्ये आल्फोन्सोचा मुलगा पेद्रो याने तो वाडा सांता क्लारा जोगिणींचा मठ म्हणून देऊन टाकला. मठाच्या चर्चचं सोनेरी लाकडी छत आजही पाहता येतं. मला या मठाचं विशेष वाटतं ते असं की तिथे विजय आणि विद्या एकमेकांच्या विरुद्ध बाजूंनी येऊन एकाच भिंतीत बसल्या आहेत. स्पेनचा इतिहास फक्त धर्मयुद्धाचा म्हणून सांगणाऱ्यांनी ही भिंत पाहावी.

समुद्राची वाटणी

आता १४९३ साल. कोलंबस पहिल्या सफरीवरून परतताना वादळामुळे आधी लिस्बनला पोचला, तारीख ४ मार्च. म्हणजे नव्या बेटांची बातमी कॅस्टीलच्या राणी इसाबेलच्या आधी पोर्तुगालच्या राजा दुसऱ्या जुआंवला कळली. जुआंवने लगेच हक्क सांगितला. त्याचा आधार होता १४७९ चा आल्कासोवासचा तह. त्या तहाने कॅनरी बेटं कॅस्टीलला मिळाली होती आणि त्यांच्या दक्षिणेचा समुद्र पोर्तुगालला. कोलंबसाची बेटं कॅनरीच्या दक्षिणेलाच होती, तेव्हा जुआंवचं म्हणणं कायद्याला धरून होतं.

इसाबेल आणि तिचा नवरा फर्नांदो पोपकडे गेले. पोप होता सहावा अलेक्झांडर, मूळचा बोर्जा घराण्यातला, म्हणजे फर्नांदोच्याच मुलखातल्या वालेन्सियाकडचा. त्याने मे १४९३ मध्ये फर्मान काढून अटलांटिकमध्ये एक उभी रेघ ठरवली : असोरेस आणि केप व्हर्द बेटांच्या पश्चिमेला १०० लीग (लीग हे तेव्हाचं अंतराचं माप). रेघेपलीकडचं सगळं कॅस्टीलचं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'पोपने जग वाटून दिलं' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. पण जो करार पुढे टिकला, तो पोपचा नव्हता. जुआंवला १०० लीगची रेघ मान्य नव्हती. त्याने पोपशी वाद घालण्याऐवजी थेट शेजाऱ्यांशी बोलणी लावली. १४९४ च्या वसंतात कॅस्टीलचा दरबार तोर्देसियासला होता, पोर्तुगालची हद्दही तिथून फार दूर नाही. म्हणून बोलणी तिथे झाली. दोन्हीकडून तीन-तीन वकील बसले. पोर्तुगालच्या बाजूला रुय द सोझा, त्याचा मुलगा जुआंव द सोझा आणि आयरेश द आल्मादा. ७ जून १४९४ ला सह्या झाल्या आणि पोपची रेघ केप व्हर्दच्या पश्चिमेला ३७० लीगवर सरकली. आजच्या मापात दोन हजार किलोमीटरहून थोडं जास्त. रोमने त्याला मान्यता दिली ती १५०६ मध्ये, दुसऱ्या पोपच्या काळात.

जुआंवला ही जास्तीची २७० लीग कशाला हवी होती? पोर्तुगीज दर्यावर्दी बार्तोलोमेउ दियाशने १४८८ मध्ये आफ्रिकेचं दक्षिण टोक ओलांडलं होतं. भारताची वाट जवळपास उघडली होती. शिडाच्या जहाजाला आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत दक्षिणेला जाणं जड जातं, कारण वारे आणि प्रवाह उलटे. त्यासाठी पश्चिमेला समुद्रात खोल शिरून, मोठा वळसा घेऊन पुन्हा पूर्वेला यावं लागतं. पोपची रेघ किनाऱ्याला इतकी खेटून होती की या वळशाला जागा उरत नव्हती. ब्राझीलची चाहूल पोर्तुगीजांना आधीच लागली होती का, यावर इतिहासकार अजून भांडतात. मला वळशाचं कारणच पुरेसं वाटतं.

करार बारकाईने लिहिलेला आहे. कॅस्टीलच्या जहाजांना आपल्या बाजूला पोचण्यासाठी पोर्तुगालच्या पाण्यातून सरळ जायची मुभा होती. मधे न थांबता, न शोधता. कोलंबस तेव्हा दुसऱ्या सफरीवर होता, त्याला काय सापडेल कोणाला ठाऊक नव्हतं. म्हणून असंही कलम घातलं की २० जूनपर्यंत कॅस्टीलच्या जहाजांना २५० ते ३७० लीगांच्या पट्ट्यात काही सापडलं तर ते कॅस्टीलचं. सह्या झाल्यावर तेरा दिवसांची सवलत!

एवढं सगळं लिहिलं, पण रेघ नेमकी कुठे, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. हा भाग जरा सावकाश समजून घेण्यासारखा आहे.

उत्तर-दक्षिण अंतर, म्हणजे अक्षांश, आकाशावरून कळतो. ध्रुवतारा क्षितिजापासून जितका वर, साधारण तितका तुमचा अक्षांश. दक्षिणेला ध्रुव दिसेनासा झाला की दुपारच्या सूर्यावरून हिशोब. पूर्व-पश्चिम अंतराला, म्हणजे रेखांशाला, असा खुणेचा तारा नाही. पृथ्वी फिरते, त्यामुळे सगळे तारे सगळ्या रेखांशांवरून आळीपाळीने जातात. रेखांश कळायला दोन ठिकाणच्या वेळेतला फरक कळावा लागतो. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे चार मिनिटांत एक अंश. तुमच्याकडे लिस्बनची वेळ दाखवणारं घड्याळ असेल आणि जहाजावर भर दुपार झाली तेव्हा त्यात किती वाजलेत ते पाहिलं, तर काम झालं. पण जहाजावर होतं काय? अर्ध्या तासाचं वाळूचं घड्याळ आणि ते उलटं करायला नेमलेला पोरगा. त्याला डुलकी लागली की संपलं. चार मिनिटांची चूक म्हणजे विषुववृत्तावर सुमारे १११ किलोमीटरची चूक. समुद्रावर भरवशाने चालणारं घड्याळ तयार झालं ते अठराव्या शतकात.

शिवाय केप व्हर्द हा बेटांचा पुंजका आहे. मोजायला सुरुवात कुठल्या बेटापासून करायची ते करारात नव्हतं. लीगची लांबीही सगळीकडे सारखी नव्हती. दहा महिन्यांत दोन्हीकडची जहाजं एकत्र जाऊन रेघ पक्की करतील असं कलम होतं, ती जहाजं कधी निघालीच नाहीत. आजचे अभ्यासक ही रेघ साधारण ४६ अंश पश्चिम रेखांशाच्या आसपास मानतात. १५०० साली भारताकडे निघालेला पोर्तुगीज दर्यावर्दी काब्राल पश्चिमेच्या वळशात ज्या किनाऱ्याला लागला, तो या रेघेच्या पूर्वेला होता. आज ब्राझीलमध्ये पोर्तुगीज बोलली जाते आणि शेजारच्या देशांत स्पॅनिश, त्याची सुरुवात इथे आहे. पुढे पोर्तुगीज वसाहतवाले रेघ ओलांडून खूप आत गेले ही गोष्ट वेगळी.

आणखी एक. १४९४ च्या करारात रेघ एकच, अटलांटिकमधली. पृथ्वीच्या पाठीमागच्या बाजूला ती कुठे निघते, हा प्रश्न तेव्हा कोणी काढला नाही. तो आला कॅस्टीलने पाठवलेल्या मॅगेलनच्या मोहिमेनंतर, १५२२ मध्ये त्याच मोहिमेतला एल्कानो लवंगा घेऊन पश्चिमेकडून जग फिरून परतला तेव्हा. आजच्या इंडोनेशियातली लवंगांची मोलुक्का बेटं कोणाच्या अर्ध्यात? १५२४ मध्ये सरहद्दीवर बादाखोस आणि एल्वास इथे दोन्हीकडचे खलाशी आणि ज्योतिषी बसले आणि निर्णयाविना उठले. अखेर १५२९ मध्ये सारागोसाच्या तहाने पोर्तुगालने साडेतीन लाख दुकात (सोन्याची नाणी) मोजून कॅस्टीलचा दावा सोडवून घेतला. आज मोजलं तर ती बेटं मुळात पोर्तुगालच्याच अर्ध्यात येतात. रेखांश मोजता येत नसल्याची ही किंमत.

आता कोकण. या करारामुळे आफ्रिकेला वळसा घालून भारताला येणारी वाट कॅस्टीलच्या जहाजांना बंद झाली. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला आला, १५१० मध्ये आल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा घेतलं, १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई मिळाली आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटंही. अरबी समुद्रातल्या जहाजांवर पोर्तुगीजांनी कार्ताझ नावाचे परवाने लादले. परवाना नसेल तर जहाज लुटायचं. या सगळ्यात त्यांना दुसऱ्या युरोपीय सत्तेची भीती जवळजवळ शंभर वर्षं नव्हती. तोर्देसियासमध्ये बसलेल्या सहा वकिलांपैकी कोणीही कालिकतचा राजा सामुद्री, आदिलशहा किंवा गुजरातचा सुलतान यांना काही विचारलं नाही. विचारायचं असतं हेच त्यांच्या मनात आलं नाही. हा कागद वाचताना मला सगळ्यांत जास्त हेच बोचतं : त्यात बेटं आहेत, लीग आहेत, जहाजं आहेत, फक्त तिथे राहणारी माणसं नाहीत. फ्रान्सचा राजा, इंग्रज आणि डच यांनीही हा करार मानला नाही, आणि सतराव्या शतकात ते आपल्या समुद्रात आले.

शेहेचाळीस वर्षांचा मुक्काम

कराराच्या पंधरा वर्षांनंतर त्याच गावात इसाबेल आणि फर्नांदोची मुलगी हुआना हिला आणून ठेवलं. इसाबेल १५०४ मध्ये मेदिना देल काम्पोला वारली तेव्हा कॅस्टीलचं सिंहासन हुआनाकडे आलं. तिचा नवरा फिलिप 'देखणा' म्हणून ओळखला जाई. तोही १५०६ मध्ये बुर्गोसला अचानक गेला. गरोदर हुआना त्याची शवपेटी घेऊन कॅस्टीलच्या थंडीतून गावोगाव फिरली. या फिरण्यावरून तिला 'वेडी हुआना' हे नाव पडलं. ते आजतागायत सुटलेलं नाही.

१५०९ मध्ये बाप फर्नांदोने तिला तोर्देसियासच्या राजवाड्यात ठेवलं. हा वाडा नदीवरच्या कड्याला लागून होता, मठ झालेल्या जुन्या वाड्यापासून वेगळा. शवपेटी सांता क्लाराच्या मठात. दरबारापासून जवळ पण दरबाराच्या बाहेर, पुलावर पहारा ठेवला की दक्षिणेची वाट बंद. मुक्कामाला सोयीची जागा कैदेलाही सोयीची ठरली. हुआना तिथून बाहेर पडली नाही. १२ एप्रिल १५५५, गुड फ्रायडेला, तिथेच वारली. शेहेचाळीस वर्षं.

ती वेडी होती का? तिला खोल नैराश्याचे झटके येत, ती दिवसच्या दिवस जेवत नसे, आंघोळ नाकारत असे, हे कागदांत आहे. पण ते कागद लिहिणारे तिचे पहारेकरी होते, आणि ती वेडी ठरण्यात आधी नवऱ्याचा, मग बापाचा, मग मुलाचा फायदा होता. फर्नांदो १५१६ मध्ये वारला. ही बातमीसुद्धा तिच्यापासून कित्येक वर्षं लपवली. मुलगा कार्लोस, म्हणजे पुढे सम्राट पाचवा चार्ल्स, तिच्या बरोबरीने राजा झाला. कॅस्टीलच्या फर्मानांवर 'डोन्या हुआना आणि डॉन कार्लोस' अशी दोन नावं येत राहिली, आणि त्यातलं पहिलं नाव ज्या बाईचं ती बाई कुलपात. माझं मत विचाराल तर आजारी असलेल्या माणसाला औषधाऐवजी कुलूप मिळालं, आणि कुलपाने आजार वाढला.

एकदा ते कुलूप उघडलं होतं. कार्लोस परदेशी दरबारी घेऊन आला, कर वाढवले आणि जर्मनीत सम्राट व्हायला निघून गेला, तेव्हा १५२० मध्ये कॅस्टीलची शहरं उठली. या बंडखोरांना कोमुनेरो म्हणतात. ऑगस्टच्या अखेरीस त्यांचे पुढारी पादिया, ब्रावो आणि माल्दोनादो तोर्देसियासला पोचले आणि हुआनापुढे उभे राहिले. बंडाची समितीही तिथेच आली. त्यांना हवी होती तिची एक सही. ती झाली असती तर बंड हे राणीचं सरकार ठरलं असतं आणि कार्लोस बंडखोर. हुआनाने त्यांचं ऐकून घेतलं, सही केली नाही. मुलाच्या विरुद्ध जायचं नव्हतं की कोणाच्याच कागदावर विश्वास उरला नव्हता, सांगणं कठीण. ५ डिसेंबरला राजाच्या फौजेने गाव जिंकलं आणि दार पुन्हा बंद झालं. २३ एप्रिल १५२१ ला जवळच्या वियालारला कोमुनेरोंचा पराभव झाला आणि दुसऱ्या दिवशी तिघा पुढाऱ्यांची डोकी उडवली. आज २३ एप्रिल हा कास्तिया-लेओन (कास्तिया म्हणजेच कॅस्टील) प्रदेशाचा अधिकृत दिवस आहे. हरलेल्या लढाईचा दिवस सण म्हणून पाळायला तिथले लोक वियालारच्या माळावर जमतात.

कातालिना

हुआनाबरोबर त्या वाड्यात एक लहान मुलगीही होती. बाप वारल्यानंतर जन्मलेली कातालिना. तिची खोली अशी होती की आईच्या खोलीतून गेल्याशिवाय तिथे पोचता येत नसे. तिला बाहेरचं दिसावं म्हणून नंतर एक खिडकी पाडली. तिथून ती मुलांना खेळताना पाही. १५१८ मध्ये कार्लोसच्या माणसांनी पडद्यामागच्या भिंतीला भोक पाडून अकरा वर्षांच्या कातालिनाला रात्री काढून नेलं. आईने असा आकांत केला की काही दिवसांत तिला परत आणावं लागलं. ती सुटली ते १५२५ मध्ये, पोर्तुगालच्या राजाची, तिसऱ्या जुआंवची राणी होऊन. त्याच वर्षी फिलिपची शवपेटीही ग्रानादाला हलवली. हुआनाजवळ मग कोणीच उरलं नाही.

इथे हे गाव आपल्याकडे दुसऱ्यांदा येतं. तिसरा जुआंव १५५७ मध्ये वारला. कातालिनाची नऊही मुलं तिच्या आधी गेली होती. वारस होता तीन वर्षांचा नातू सेबास्तियांव. त्याच्या नावाने १५६२ पर्यंत कातालिनाने पोर्तुगालचा कारभार पाहिला. त्याच काळात, १५५९ मध्ये दमण पोर्तुगीजांकडे गेलं आणि १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, सुरू झालं, ज्याने पुढे अडीचशे वर्षं गोव्यातल्या माणसांना छळलं. इन्क्विझिशनच्या मागे कातालिनाचा दीर कार्डिनल हेन्रीक आणि चर्चची मोठी यंत्रणा होती, सगळं तिच्या एकटीच्या माथी मारता येणार नाही. पण राज्याची सूत्रं तिच्या हाती होती. बंद खोलीत वाढलेली मुलगी मोठेपणी दुसऱ्यांची दारं उघडीलच असं नसतं.

सेबास्तियांव १५७८ मध्ये मोरोक्कोतल्या लढाईत पडला, दोन वर्षांनी त्याच्यामागून आलेला हेन्रीकही गेला, आणि पोर्तुगालचं राज्य हुआनाच्या नातवाकडे, स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे आलं. १५८० ते १६४० या साठ वर्षांत गोव्याचा राजा माद्रिदला बसत होता. कारभार मात्र पोर्तुगीजांच्याच हाती राहिला, तशी अटच होती. म्हणजे सुरुवातीच्या प्रश्नाचं पुरं उत्तर द्यायचं तर स्पॅनिश राजे गोव्यापर्यंत पोचले होते, पण वारसाहक्काने, जहाजाने नव्हे.

हुआनाच्या मृत्यूसमयी तिच्याजवळ फ्रान्सिस्को दे बोर्जा हा जेझुइट धर्मगुरू होता. १४९३ मध्ये ज्याने समुद्रात पहिली रेघ मारली, त्या सहाव्या अलेक्झांडर पोपचा हा पणतू.

पुलापलीकडे

त्यानंतर गावाने मोठं काही पाहिलं नाही. डिसेंबर १८०८ मध्ये इंग्रज फौजेच्या पाठलागावर असलेला नेपोलियन इथे मुक्कामाला होता. हुआनाचा वाडा अठराव्या शतकात मोडकळीस आला म्हणून पाडला. आज तिथे फक्त जागा दाखवतात. हुआनालाही १५७४ मध्ये ग्रानादाला नेलं. सप्टेंबरच्या जत्रेत बैलाला पुलावरून पलीकडच्या वेगा मैदानात हाकलून भाल्यांनी मारण्याची प्रथा होती. स्पेनमध्येच तिच्याविरुद्ध मोठी आंदोलनं झाली आणि २०१६ मध्ये प्रदेशाच्या सरकारने असं जाहीर मारणं बंद केलं.

मुक्कामाचं गाव ही ओळख मात्र टिकली. माद्रिदहून गालिसियाला जाणारा आणि बुर्गोसहून सालामान्काकडून पोर्तुगालला जाणारा, असे दोन महामार्ग इथे एकमेकांना छेदतात. फ्रान्सहून पोर्तुगालला निघालेले ट्रक इथूनच जातात. करार जिथे झाला असं मानतात, ती दोन जोडघरं आता संग्रहालय आहेत. मूळ कागद तिथे नाहीत. कॅस्टीलला मिळालेली प्रत सेवियाच्या इंडीज अभिलेखागारात आणि पोर्तुगालला मिळालेली लिस्बनच्या तोर्रे दो तोम्बोत. युनेस्कोने २००७ मध्ये हे कागद जागतिक स्मृतींच्या नोंदवहीत घेतले.

कधी माद्रिदहून तिकडे जाणं झालंच तर गाडी दक्षिणेच्या काठावर लावावी आणि पूल पायी ओलांडावा. डावीकडे खाली, पश्चिमेला, पाणी जाताना दिसतं. तेच पाणी सामोरा ओलांडून खोल घळीत शिरतं आणि शंभराहून जास्त किलोमीटर स्पेन आणि पोर्तुगालची हद्द होऊन वाहतं. एक काठ याचा, दुसरा काठ त्याचा. ही रेघ कुणाला मोजावी लागली नाही.